कोटाच्या घेरात

४ नोव्हेंबर

चि. भावजयीस,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन करणार होते, पण माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवून देतेस. आणि खरं सांगायचं तर मी एकदा बोलायला लागले की माझीही गाडी भलतीकडे जाते. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

कामाचं तेवढं लिहिते. तुझं रक्त तपासून घे. चिमणीचंही घे. कुठल्याही सरकारी दवाखान्यात होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. सगळ्या तपासण्या करा म्हणून सांग. आमच्या घराण्यात रक्ताचा काही दोष आहे असं निघालंय, म्हणून सावध राहायचं, दुसरं काही नाही. फार खोलात जाऊ नकोस.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात की तुला कळवलंच पाहिजे. मी नाही कळवलं तर त्या स्वतः कळवणार आहेत, आणि तुझ्या नवऱ्याने त्याला मान हलवून होकारही दिलाय. म्हटलं, परक्या बाईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

त्याची तब्येत ठीक आहे म्हणजे तशी ठीक नाही. भिंत धरून चालतो. शर्टाची बटणं मी लावते. ज्या माणसाने पंधरा वर्षं गावाला बटणं लावली त्याला स्वतःचं एक बटण काजात घालता येत नाही. सकाळी दुकानात येऊन बसतो, गळ्यात टेप असते, समोर कापड पसरलेलं असतं, आणि दुपारी बघावं तर खडूची एक रेघसुद्धा ओढलेली नसते. मागच्या महिन्यात वकीलबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मी म्हटलं, “अरे, बाईंना दोन डावे हात आहेत का?” पूर्वी असता तर माझ्यावरच उलटला असता, म्हणाला असता, ताई, माप तूच घेतलंस. आता नुसता बघत राहिला.

कटिंग मीच करते हल्ली. माझं कटिंग कसं आहे ते तुला माहीत आहे.

तपासणीचं लांबणीवर टाकू नकोस.

तुझी वन्सं
(अजून मानत असलीस तर)


१३ नोव्हेंबर

चि. भावजयीस,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. “तुमच्या घराण्याचा दोष माझ्या रक्तात कसा येईल, वन्सं? मी तर सून आहे.”

मागचं पत्र लिहितानाच मला वाटलं होतं की कुठेतरी चुकतंय, पण तोवर पाकीट चिकटवून झालं होतं. चिकटवलेलं पाकीट फोडायचा माझा स्वभाव नाही. तू पहिल्यापासून अशीच. लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या हिशेबातली चूक काढलीस आणि वर हसलीस. मला तेव्हाच कळलं होतं की हिच्यापुढे आपलं काही चालायचं नाही.

बरं. लिहिते. सकाळपासून तीनदा पेन उचललं आणि तीनदा इस्त्री करायला गेले.

त्याला एचआयव्ही आहे. लिहिलं बाई एकदाचं.

कुठून आला, कधी आला, ते विचारू नकोस. मी त्याला विचारलं नाही. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला काय काय विचारायचं? पण एवढं सांगते, तो विषाणू त्याच्या मेंदूपर्यंत गेलाय. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. वेड नव्हे, म्हणतात. विचार संथ होतो. पाय जड होतात, हात ऐकत नाहीत, कशात मन लागत नाही. माणूस आत असतो, फक्त बाहेर यायला त्याला फार वेळ लागतो.

तू म्हणायचीस ना, हा घरात असून नसल्यासारखा आहे. चिमणीला शाळेतून आणायला जायचं आणि कोपऱ्यावर उभं राहून परत यायचं. तुझ्या वाढदिवसाला तू नवी साडी नेसून समोर उभी राहिलीस तर “दिवा लाव” म्हणाला. तुला वाटलं दुसरी कोणी बाई आहे. मग वाटलं, पितो. दोन्ही नव्हतं. तो आजार होता. आणि मी तुला काय म्हणाले होते तेही मला आठवतं. म्हणाले होते, पुरुषांचं चालायचंच असं, तू फार मनाला लावून घेतेस.

ते बोलणं मी मागे घेते. असं काही मागे घ्यायची मला सवय नाही, तेव्हा कसं घ्यायचं ते मला नीट जमत नसेल.

आम्हालाही हे गेल्याच महिन्यात कळलं. तो दुकानात पडला, मशीनवर डोकं आपटलं, दवाखान्यात नेला तेव्हा.

तर आता कारण कळलं. उद्याच्या उद्या जा. चिमणीला घेऊन जा. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आता यावर औषध आहे, वेळेवर घेतलं तर माणूस म्हातारा होऊन मरतो. वेळेवर, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

तुझी वन्सं


२ डिसेंबर

चि. भावजयीस,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

तू लिहितेस, “गेल्या महिन्यात कळलं, म्हणजे मी इकडे निघून आल्यानंतरचीच भानगड असणार. दोन वर्षं मी त्याच्या वाऱ्याला उभी राहिलेली नाही. मला कशाला हवी तपासणी? शाळेच्या ऑफिसात परीक्षांचं काम आहे, रजा मिळत नाही. तुमच्या भावाचं तुम्ही बघा.”

तुझं काहीच चुकलं नाही. मी जे सांगितलं त्यावरून कोणीही शहाणी बाई हेच म्हणेल.

गेल्या महिन्यात कळलेलं नाही. तीन वर्षं झाली. तू इथे होतीस तेव्हाचं आहे. ताप जात नव्हता म्हणून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, आठवतं? तू चिमणीच्या गोवरामुळे घरी राहिलीस आणि मी त्याच्याबरोबर गेले. तेव्हाच निदान झालं. परत येताना बसमध्ये तो म्हणाला, “ताई, तिला आज सांगतो.” मी म्हणाले, “खबरदार.” त्याला माझी शपथ घातली.

का? आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. आपला धंदा मापाचा. बाई येते, हात वर करून उभी राहते आणि आपल्याला टेप तिच्या अंगाभोवती फिरवू देते. हे बाहेर गेलं असतं तर एकही बाई दुकानाचा जिना चढली नसती. स्पर्शाने लागत नाही हे दवाखान्यातल्या लोकांनी मला दहा वेळा सांगितलं, मलाही पटलं, पण गिऱ्हाइकांना कोण पटवणार? हे एक. आणि दुसरं म्हणजे तू ऐकलंस तर मुलीला घेऊन निघून जाशील असं मला वाटलं. तू गेलीसच. म्हणजे मी लपवलं ते कशासाठी, याचा आता मलाच पत्ता लागत नाही.

तुझ्या तपासणीचा विचार मी केला नाही असं नाही. केला. तू धडधाकट दिसत होतीस. मी म्हटलं, हिला काही झालेलं नाही.

अजून आहे. हे तुला सांगायचं नव्हतं, पण परवा पोस्टातल्या बाई कोट घेऊन आल्या. मागच्या वर्षी आपल्याकडे शिवलेला राखाडी कोट. म्हणाल्या, “धुतला तर खालच्या घेराला पांढरे डाग पडले, हे काय घातलंय आत?” तुला ठाऊकच आहे, कोटाचा घेर सरळ पडावा म्हणून आपण दुमडीत शिशाच्या चकत्या शिवतो. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या, नखाएवढ्या. मी दुमड उसवली. चार चकत्या निघाल्या, आणि सहा गोळ्या. विरघळून पीठ झालेल्या.

त्याच्या औषधाच्या गोळ्या.

त्या गोळ्या मीच चकत्यांच्या डब्यात ठेवायचे. बाटलीवर नाव असतं. घरात ठेवली तर तुझ्या हाती लागेल म्हणून बाटली रिकामी करून फेकायची आणि गोळ्या डब्यात, चकत्यांच्या शेजारी. म्हटलं, डबा रोज त्याच्या हाताखाली असतो, कोणी उघडत नाही, याहून चांगली जागा कुठली? स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी, तू गेल्यावरही तीच रीत चालू ठेवली. तो रोज डब्यात हात घालायचा. कधी गोळी तोंडात जायची. कधी कोटात जायची.

मी दर आठवड्याला डब्यात डोकावायचे. गोळ्या कमी होत असायच्या. वाटायचं, शहाण्यासारखा घेतोय.

आता पत्र खाली ठेव आणि दवाखान्यात जा. परीक्षा गेल्या खड्ड्यात. रजा देत नसतील तर मुख्याध्यापकांना माझा नंबर दे, मी बघते त्यांच्याकडे.

वन्सं


१९ डिसेंबर

चि. भावजयीस,

तपासणीला गेलीस हे चिमणीच्या फोनवरून कळलं. तिने चोरून केला होता, तिला रागवू नकोस. म्हणाली, “आत्या, सुई टोचली तरी मी रडले नाही, आई रडली.” निकाल अजून यायचाय असंही म्हणाली. मी बाबाला फोन देऊ का विचारलं, तर म्हणाली, “नको, बाबा काही बोलतच नाही.”

निकाल येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून जिन्याखाली पाटी लावली आहे. जुने कोट आणा, घेर नव्याने बसवून देऊ, फुकट. शेजारचा घड्याळवाला विचारतो, “ताई, बरं नाही का तुम्हाला?” माझ्या हातून फुकट काही सुटत नाही हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण कोट येताहेत. चौदा आले. नवांमध्ये गोळ्या होत्या.

मी त्याच्यासमोरच उसवत बसते. लपवून काय मिळवलं ते बघितलंय. तो बघतो. एका कोटात गोळ्यांना एकेक कापडाचा तुकडा गुंडाळून, दर चार बोटांवर एक, अशा बसवल्या होत्या. टाके काय सुरेख घातलेत गं. उसवायला जीव होत नव्हता. औषध नको होतं म्हणून नाही त्याने टाकलं. तो काम करत होता. डब्यात जे हाताला लागलं ते नीट, मापात, जागच्या जागी शिवत होता.

सगळ्यात जुना कोट निदानानंतर पाच महिन्यांचा आहे. म्हणजे तू इथेच होतीस. आपण दोघी स्वयंपाकघरात मिठावरून भांडत होतो आणि तो बाहेर बसून औषध कोटात शिवत होता.

गोळ्या आता बदलल्यात. मी हातावर ठेवते, पाणी देते, गिळल्यावर तोंड उघडायला लावते. डॉक्टरीणबाई म्हणतात थोडंफार परत येईल, सगळं नाही. तीन वर्षांपूर्वीपासून घेतलं असतं तर हे इथवर आलंच नसतं, हे त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

परवा त्याने वरची दोन बटणं स्वतः लावली. वीस मिनिटं लागली. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले होते. माझ्यासारखीने वीस मिनिटं गप्प उभं राहायचं म्हणजे काय ते तूच समजू शकतेस.

त्याच्याशी बोलायची रीत मला आत्ता कळली आहे. विचारायचं आणि थांबायचं. न्याहारीला विचारलं, “चहा आणखी हवा का?” तर कप विसळून झाल्यावर “अर्धा” म्हणतो. उत्तर येतं. मी इतकी वर्षं एक प्रश्न टाकून लगेच दुसरा टाकत होते, आणि मग ओरडत होते की तोंडाला कुलूप लावलंय का.

निकाल आला की एक ओळ टाक. शिव्या दिल्यास तरी चालेल.

वन्सं


११ जानेवारी

चि. भावजयीस,

तुझं पत्र आलं. उभ्यानेच वाचलं.

तुला लागण आहे. चिमणीला नाही. हे दोन्ही मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. चिमणीला नाही हे वाचून रडले आणि रडताना तुझी लाज वाटली, कारण पहिली ओळ तुझी होती. तुझे डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय, रोगाशी लढायची ताकद बरीच खाली गेलीय, तरी औषध लागू पडेल. गोळ्या बाटलीतच ठेव. नावासकट. टेबलावर ठेव, सगळ्यांना दिसू देत.

तू मला एकही शिवी दिली नाहीस. एकच प्रश्न विचारलास. “मी निघाले त्या दिवशी पिशवी हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले होते. म्हटलं होतं, तुला काय होतंय ते एकदा सांग, मी पिशवी खाली ठेवते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. त्याला सगळं माहीत होतं. मग का नाही सांगितलं? माझं जाऊ दे, चिमणी समोर होती.”

हे मी तुला सांगितलं नसतं. तू विचारलं नसतंस तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. शपथ घातली होती म्हणून गप्प बसला, असं लिहायला मी पेन उचललं होतं. ते थोडं खरं आहे, आणि तुला ते पटलंही असतं. पण ते उत्तर नाही.

त्या दिवशी मी दुकानात होते, फळीवर कापड टाचत. मधलं दार उघडं होतं. तू विचारलंस ते मी ऐकलं. तू थांबलीस. तुझ्या मानाने पुष्कळ थांबलीस. मग म्हणालीस, “ठीक आहे.” चिमणीला चपला घातल्यास. जिना उतरल्याचा आवाज आला. मला काय वाटलं ते लिहिते, म्हणजे नंतर प्रश्न उरायला नको. मला बरं वाटलं. वाटलं, गुपित घराबाहेर गेलं नाही, दुकान वाचलं. आणि स्वयंपाकघर पुन्हा माझं झालं असंही वाटलं. इतकं क्षुद्र.

मग तो आतून आला. दाराशी उभा राहिला, तू जिथे उभी होतीस तिथे तोंड करून. आणि बोलला. स्वच्छ बोलला. म्हणाला, “मला आजार झालाय. रक्ताचा. तुलाही झाला असेल. आपण दोघं दाखवून येऊ. तू जाऊ नकोस.”

एवढीच वाक्यं. तुला उत्तर द्यायला त्याला फक्त एवढा वेळ लागला होता. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं, आता आहे, पण त्याने काही बदलत नाही. शब्द मला तेव्हाही कळले होते.

मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाला, “ताई, ती कुठेय? तिला सांग ना.”

मी म्हणाले, “सांगते हो. तू बस.”

तो बसला. मी सांगेन असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की तो काही विचारतच नाही.

तू समोरच्या थांब्यावर उभी होतीस. दुकानाच्या खिडकीतून दिसत होतीस. चिमणी पिशवीवर बसून पाय हलवत होती. मी हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती, रस्ता काही फार रुंद नाही. बस यायला त्यानंतर चांगली दहा मिनिटं लागली. मी ती दहाही मिनिटं खिडकीत उभी होते. बस गेल्यावर खिडकी लावली आणि टाचायला बसले.